गव्हाच्या कोठीतली वाइन

...गार जागा? गार जागा म्हणालात? अकोल्यात? मे महिन्यात? अहो, तुम्हाला सांगतो, आमच्याकडे मे महिन्यात दुपारी नळ सोडला तर त्यात नुसती चहापत्ती टाकायची बाकी असते, जेवण झाल्यावर भिंतीला पाठ टेकवली तर पाठ शेकून निघते, आणि पुस्तकात लिहिलंय काय, तर वाइन तेरा अंशांवर ठेवावी! तेरा! आमच्याकडे तेरा अंश जानेवारीत येतात, पहाटे येतात, आणि सूर्य उगवायच्या आत निघून जातात! पुढे काय लिहिलंय? तर 'शक्यतो तळघरात ठेवावी.' कुणाच्या तळघरात? आमची जमीन काळी. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, अशा की चप्पल आत गेली तर चपलेचा नाद सोडायचा. पावसाळ्यात तीच जमीन फुगते आणि घराचे दरवाजे लागत नाहीत. तिथे तळघर खणायचं? पहिल्या पावसात त्याची विहीर होईल आणि वाइन बादलीनं शेंदावी लागेल!

पण हे पुस्तकवाल्यांना कोण सांगणार? आणि मला तर पुस्तकानं नव्हे, अश्लेषानं सांगितलं होतं. बोट नाचवून सांगितलं होतं. "गौरांग, नीट ऐक. आडवी ठेवायची, अंधारात ठेवायची, गार ठेवायची आणि हलवायची नाही!" बस्स. चारच गोष्टी. एका बाटलीसाठी चार गोष्टी. तुम्हाला वाटेल, यात काय अवघड आहे? मलाही वाटलं होतं. मी तर "हो" म्हणालो. प्रेमात माणूस काहीही "हो" म्हणतो, तो भाग वेगळा.

आता अश्लेषा कोण, ते सांगायला पाहिजे. आम्ही अमरावतीला एकाच कॉलेजात, एकाच वर्गात, केमिस्ट्रीला. पदवी घेऊन मी घरी बसलो... बसलो म्हणजे रिकामा नाही हो, कंपनीचं काम घरून करतो, सकाळी दहाला दार लावून कानात हेडफोन घातला की संध्याकाळी सहाला बाहेर, पण आमच्या कॉलनीच्या दृष्टीनं तो 'घरी बसलेला'च. आणि अश्लेषा गेली नाशिककडे, एका वायनरीत. तिचे वडील किसनराव, परतवाड्याहून चांदूर बाजारला जाताना रस्त्याला लागून त्यांची संत्र्याची बाग आहे, एवढी मोठी की गाडी जात राहते आणि बाग संपत नाही. तर अश्लेषाच्या डोक्यात आलं, की लोक द्राक्षाची वाइन करतात, मग आपल्या संत्र्याची का नाही? वायनरीतल्या साहेबांना विचारून तिनं एक छोटीशी बॅच केली, स्वतःच्या हातानं. आणि मी ती चाखली, आणि तुम्हाला सांगतो... नाही, नको, तुम्ही म्हणाल प्रेमात आहे म्हणून बोलतोय. पण होती बुवा! आधी संत्र्याच्या फुलाचा वास, मग सालीचा किंचित कडूपणा, आणि घोट गिळल्यावर बराच वेळ कुणीतरी शेजारी बसून संत्रं सोलतंय असं वाटत राहायचं.

माझं म्हणणं साधं आहे. चांगली गोष्ट चांगल्या रीतीनं घ्यावी. आता आपल्याकडे घेतात कशी, तुम्हीच सांगा! काळ्या पन्नीत गुंडाळून आणायची, गावाबाहेर रस्त्याच्या कडेला गाडी उभी करायची, बोनेटवर पातळ प्लास्टिकचे ग्लास मांडायचे, डोळे मिटायचे, एका दमात ओतायची, एरंडेल घेतल्यासारखं तोंड करायचं आणि लगेच मूठभर शेव कोंबायची! अरे, मग घेता कशाला? शिक्षा आहे का? म्हणून मी एक आस्वाद मंडळ काढलं होतं. हसू नका. सभासद दोन होते, मी धरून तीन. शेखर आणि विपुल, दोघेही शाळेपासूनचे मित्र. मी दांडीचे ग्लास आणले, पांढरा टेबलक्लॉथ घातला, सांगितलं, आधी रंग बघा, मग ग्लास हळूच फिरवा, मग वास घ्या, मग एक घोट, तो जिभेवर खेळवा. शेखरनं रंग बघितला, ग्लास फिरवला, वास घेतला, घोट घेतला, जिभेवर खेळवला आणि म्हणाला, "अबे, हे चढते कधी?" विपुल तोवर फ्रिजमधून बर्फ आणि थंड कोलाची बाटली घेऊन आला होता! माझ्या कपाटात एक बरी व्हिस्की होती, ती मी उभी ठेवतो. का, तर कडक दारू बुचाला लागून राहिली की बूच खाते, म्हणून व्हिस्की उभी आणि वाइन आडवी, बूच ओलं राहावं म्हणून. हे मी त्यांना पाऊण तास समजावून सांगितलं. शेखर विपुलला म्हणाला, "याच्या घरी बाटल्या झोपतात अन् माणसं जागतात, चल भाऊ, भूक लागली." मंडळ बरखास्त!

असो. मुद्दा तो नाही. मुद्दा किसनरावांचा आहे. अश्लेषानं बापाला सांगितलं, बाबा, परतवाड्याला आपलं संत्रा भरायचं शेड आहे, ते मला द्या, मी नोकरी सोडून परत येते, इथे वाइन करते. किसनराव पानाचा विडा एका गालातून दुसऱ्या गालात नेत म्हणाले, "पोरी, संत्रा खायाचा राह्यते, प्यायाचा नाही. अन् केली तू वाइन, समज. ते नाशिक थंड हाये. आपल्याइकडं उन्हाळ्यात माणूस खराब होऊन राहिला, तं वाइन कावून टिकंन? एक काम कर. एक बाटली इकडं ठेव. फ्याक्टरीत नाही, साध्या घरात, जसं लोकं ठेवतीन तसं. या कोजागिरीपासून पुढच्या कोजागिरीपर्यंत. म्या सोता चाखीन. चांगली निंघाली तं शेड तुहं. नाही निंघाली, तं मंग त्या बंगलोरच्या कंपनीचं बोलावणं आलं हाये ना तुले? जाय तिकडं."

आणि माझं काय? तर त्याच बैठकीत आमच्या दोघांचा विषयही निघाला होता. किसनराव माझ्याकडे बघून म्हणाले, "याच्याच घरी ठेव बाटली. पाहू कसं सांभाळते." मी म्हणालो, काका, बाटली सांभाळणं आणि संसार करणं यात फरक आहे, अश्लेषा काय बाटली आहे का? अश्लेषानंही तेच म्हटलं, माझ्यापेक्षा मोठ्या आवाजात. ते म्हणाले, "म्या कुठं म्हटलं पोरगी बाटली हाये? म्या म्हटलं पोरगं कसं हाये ते पाहून राहिलो." 

म्हणजे बघा, बाटली टिकली तर ती परतवाड्याला, अकोल्यापासून दोन-अडीच तासांवर, आणि बिघडली तर ती बंगलोरला! एका बुचावर माझं आयुष्य! आणि आडवी ठेवायची, अंधारात ठेवायची, गार ठेवायची आणि हलवायची नाही!

हिवाळा गेला छान. माझ्या दिवाणात, गोधड्यांच्या मध्ये, राजासारखी झोपली होती. पण मार्च लागला, दिवाण वरून तापायला लागला, गोधड्या आतून तापायला लागल्या, आणि मी जागा शोधत घरभर फिरायला लागलो. फ्रिज? अहो, आईचा फ्रिज तुम्ही बघितला नाही. तिथे एक लिंबू आडवं ठेवायला जागा नाही. शिवाय लसणाचा ठेचा, कोथिंबीर, इडलीचं पीठ, असल्या संगतीत वर्षभर राहून वाइन सज्जन कशी राहील? मग मला एक कल्पना सुचली. कुलर! आमचा कुलर बघाल तर एका खोलीएवढा आहे, खिडकीबाहेर स्टँडवर बसवलेला. त्याच्या टाकीत कायम पाणी, सगळ्या घरात गार जागा तीच. ठेवली पाण्यात. आडवी! अंधारात! गार! आणि मग बाबांनी कुलर चालू केला... तुम्ही जुना कुलर ऐकलाय कधी? जवळून ट्रक जावा तसा आवाज, आणि थरथर अशी की खिडकीच्या काचा टाळ्या वाजवतात! हलवायची नाही! हलवायची नाही म्हणजे काय, माझी वाइन त्या टाकीत चोवीस तास कवायत करत होती!

बरं, धावत जाऊन काढावी, तर संध्याकाळी टाकीत पाणी भरायला गेले बाबा. आमचे बाबा, वसंतराव, कोर्टात वकिली करतात. पाण्यात हात घातला आणि बाटली वर आली. लेबल भिजून सुटलं होतं, ते पंपाच्या जाळीला जाऊन चिकटलं होतं, म्हणून पंप बंद पडला होता. बाबा ती नागडी बाटली हातात धरून माझ्या खोलीत आले. "हे काय आहे?"

"वाइन आहे, बाबा. संत्र्याची. अश्लेषानं केलेली."

बाबांनी बाटली उजेडात धरली.  मग हळू आवाजात, "आईला माहीत आहे?"

"नाही."

"मग सांगू नकोस."

"आणि तिनं विचारलं तर? खोटं बोलू?"

"खोटं कधीच बोलायचं नाही," बाबा म्हणाले. "विचारलं तेवढंच खरं सांगायचं."

तीस वर्षं वकिली केलेल्या माणसाचं हे वाक्य. मला तेव्हा फार मोठं वाटलं. ते वाक्य आम्हाला कुठे नेणार होतं, ते तेव्हा कळलं असतं तर!

मग सापडली. जागा सापडली! गव्हाची कोठी! एप्रिलात आमच्याकडे वर्षाचा गहू भरतात, एरंडेलाचा हात लावून, मध्ये मध्ये कडुलिंबाचा पाला घालून, माझ्या छातीएवढी पत्र्याची कोठी, माजघराच्या कोपऱ्यात, जिथे ऊन कधी पोचत नाही. तुम्ही कधी मे महिन्यात गव्हात कोपरापर्यंत हात घातलाय? घालून बघा. आत असा गारवा असतो की हात बाहेर काढावासा वाटत नाही. मी मध्यभागी खड्डा केला, बाटली आडवी निजवली, वरून गहू लोटला. आडवी! अंधारात! गार! आणि आता हलव म्हणावं कुणी! गव्हात कसली हलते! अश्लेषाला फोन करून सांगितलं, तर ती पलीकडून किंचाळलीच, "गौरांग, कोठी? अरे, हे तर पुस्तकात पण नाही!" मी म्हटलं, पुस्तकं लिहिणाऱ्यांकडे गहू कुठे असतो? ते ब्रेड विकत आणतात! त्या दिवशी मला वाटलं, मी वऱ्हाडाला काहीतरी दिलं.

रोज सकाळी कामाला बसायच्या आधी मी कोठीत हात घालून बघायचो. आहे. आडवी आहे. संध्याकाळी दार उघडलं की पुन्हा हात. आहे. आडवी आहे. बाहेर शेहेचाळीस अंश, रस्त्यावरचं डांबर बुटाला चिकटतंय, आणि माझी बाटली गव्हात गाढ झोपलेली! पावसाळा गेला, पोळा झाला, गणपती झाले, आणि कोजागिरी उद्यावर आली.

आता कोजागिरीला आमच्याकडे भुलाबाई असते. तुमच्याकडे नसेल तर सांगतो. भुलाबाई आणि भुलोजी, मातीचे, ज्वारीच्या ताटांच्या मखरात बसवायचे, कॉलनीतल्या पोरी जमतात, गाणी म्हणतात, आणि गाणी संपली की खाऊ. पण खाऊ असा हातात मिळत नाही. यजमानीण खाऊ डब्यात लपवते, झाकण घट्ट लावते, डबा पोरींच्या कानाशी नेऊन खडखडा हलवते, आणि पोरींनी आवाजावरून ओळखायचं! ओला की कोरडा? गोड की तिखट? ओळखलं तर पोरी जिंकल्या, नाही ओळखलं तर यजमानीण जिंकली. आणि तुम्हाला वाटेल हा पोरींचा खेळ आहे. मुळीच नाही! हा आयांचा खेळ आहे! गेल्या वर्षी समोरच्या रुख्मिणीकाकूंनी डब्यात कापसासारखं काहीतरी भरलं होतं, आवाजच येईना, पोरी हरल्या, नंतर निघाले मखाणे. तेव्हापासून कॉलनीत काकू मान ताठ करून चालतात. या वर्षी भुलाबाई आमच्याकडे. आई, म्हणजे कॉलनीतल्या बायकांची सिंधू, आठवडाभर आधीपासून पुटपुटत होती, "या वर्षी असा खाऊ ठेवते, असा ठेवते की रुख्मिणीचं तोंड पाहून घ्या!"

कोजागिरीच्या संध्याकाळी अश्लेषा आणि किसनराव परतवाड्याहून आले. ओसरीवर पोरींची गर्दी, त्यांच्या आयांची गर्दी, मखराभोवती दिवे. किसनराव खुर्चीवर बसले, मला म्हणाले, "आण मंग." एवढंच. आण मंग! अश्लेषानं माझ्याकडे बघितलं. तुम्हाला सांगतो, ती हसत होती, पण तिच्या हातात ओढणीचं टोक होतं आणि ती ते बोटाला गुंडाळत होती, सोडत होती, गुंडाळत होती. वर्षभराची तिची मेहनत, बंगलोरच्या कंपनीला उद्या द्यायचं उत्तर, सगळं त्या कोठीत होतं.

मी आत गेलो. आत्ताच पुसलेले ग्लास ट्रेमध्ये मांडले. कोठीचं झाकण उचललं. हात घातला.

गहू.

आणखी खाली घातला. गहू. डावीकडे, उजवीकडे, खांद्यापर्यंत हात घातला, नाकात गहू, कानात कडुलिंब... नाही! बाटली नाही! सकाळी होती! सकाळी आडवी होती! आणि तेवढ्यात ओसरीवरून पोरींचा गलका, "काकू, ओला की कोरडाऽऽ?" आणि आईचा विजयी आवाज, "ओलाऽऽ!" आणि त्यामागून... गुडुम्, गुडुम्, गुडुम्...

बाप माणसाला लेकराचं रडणं गर्दीत ओळखू येतं म्हणतात. मला तो आवाज तसा ओळखू आला!

धावत बाहेर आलो तर मधोमध आई! पदर खोचलेला, दोन्ही हातांत पोह्यांचा मोठा स्टीलचा डबा, आणि ती तो डबा असा हलवत होती, असा हलवत होती, की... कुलर बरा होता हो, कुलर बरा होता! पोरी ओरडत होत्या, "ताक!" "नाही!" गुडुम् गुडुम्. "उसाचा रस!" "नाही!" गुडुम् गुडुम्. "खीर!" "गुलाबजामचा पाक!" एक शेंबडी पोर म्हणाली, "शांपू!" आणि किसनरावांना काय माहीत? तेही रंगात आले, खुर्चीत पुढे सरकून म्हणाले, "बाई, तेल असंन! तेलाचाच आवाज हाये हा!" आई म्हणाली, "नाही होऽ, हरले म्हणा, हरले म्हणा!" आणि डबा पुन्हा डोक्याच्या वर! आडवी ठेवायची, अंधारात ठेवायची, गार ठेवायची आणि हलवायची... अहो, कुणाला सांगू!

"हरलो!" पोरी म्हणाल्या. रुख्मिणीकाकूंची मान थोडी खाली आली. आईनं झाकण काढलं, टॉवेलात गुंडाळलेली बाटली बाहेर काढली आणि सगळ्यांना दाखवून म्हणाली, "आमच्या अश्लेषानं केलेलं संत्र्याचं सरबत! वर्षभर मुरलेलं!"

"सरबत?" मी म्हणालो. पोरींच्या गर्दीतून वाट काढत पुढे झालो.

"आई," मी विचारलं, "तुला कुठे सापडली ही?"

"कुठे म्हणजे? गव्हात. मे महिन्यातच सापडली, दळण काढताना. तुझ्या बाबांना विचारलं, हे काय हो? ते म्हणाले, संत्र्याचं आहे, अश्लेषानं दिलंय, मुरत ठेवलंय."

सगळ्यांनी बाबांकडे बघितलं. बाबा भुलाबाईकडे बघत होते. शब्दन् शब्द खरा! विचारलं तेवढंच!

"मग मी काय तसंच पडू देणार होते?" आई सांगत होती, आणि तिचा चेहरा असा फुलला होता की बघवेना. "मुरायचं म्हणजे ऊन नको? साखरआंब्याला ऊन दाखवतो, लिंबाच्या लोणच्याला दाखवतो, मग यालाच गव्हात कोंडून ठेवलं तर कसं मुरेल? हा खोलीत दार लावून बसला की रोज काढून गच्चीवर ठेवायची, लोणच्याच्या बरणीशेजारी. बूच घट्ट होतं, वाफ धरेल म्हणून दिवसा काढून ठेवायची, वर मलमलचं फडकं बांधायची. चांगली हलवायची, नाहीतर तळाशी बसतं. पावसाळ्यात ऊन नसलं की गॅसच्या शेगडीशेजारी ठेवायची. अन् हा बाहेर यायच्या आत बूच लावून परत गव्हात, होती तशी, आडवी. म्हटलं पोराला आश्चर्य वाटू दे. होणाऱ्या सुनेच्या हातचं आहे, जिवापाड जपलं बाई मी!"

 आडवी नाही, उभी! अंधार नाही, अकोल्याचं ऊन! गार नाही, शेगडी! आणि हलवणं तर रोजच्या रोज, मन लावून! चार गोष्टींपैकी एक, एक तरी चुकून बरोबर व्हावी की नाही?

किसनराव उठले. "म्हंजे... हे ते हाये?" त्यांनी बूच काढलं, ट्रेमधला ग्लास घेतला, थोडी ओतली, नाकाशी नेली.  एक घोट घेतला. त्यांचा एक डोळा मिटला, दुसरा मोठा झाला. "आंबली हाये, पोरी," ते म्हणाले. आणि ते जिंकल्यासारखं म्हणाले असते तर मी भांडलो तरी असतो, पण ते इतक्या हळू म्हणाले, जसं काही त्यांनाही ती चांगली निघायला हवी होती.

 अश्लेषाच्या हातातून ओढणीचं टोक सुटलं होतं. आईच्या हातातला टॉवेल तसाच. "अरे," आई माझ्याकडे बघत म्हणाली, "माझ्यानं बिघडलं का रे?" आणि मी, वर्षभर तेरा अंश, तेरा अंश करत जगाला शहाणपण शिकवणारा मी, कोठीतला गहू केसांत घेऊन उभा, म्हणालो, "नाही गं आई. छान झालंय." बाबांच्या शाळेतलं नव्हतं हे वाक्य. सरळ खोटं होतं.

आणि तेवढ्यात रुख्मिणीकाकूंनी किसनरावांच्या हातातला ग्लास काढून घेतला! घेतला म्हणजे हिसकला! नाकाशी नेला, बोट बुडवलं, चाटलं आणि ओरडल्या, "अव माय! हे तं व्हिनेगर हाये!"

"हो काकू, तेच झालंय," अश्लेषा कशीबशी म्हणाली.

"अव, झालं काय म्हणतं? मी रोज सकाळी उपाशीपोटी घेऊन राहिली ना सफरचंदाचं! वजनासाठी! पाण्यातून! वास असा येते त्याचा, पायातले मोजे धुतल्यावानी! अन् याचा वास पाय! सिंधू, संत्र्याची फोड फोडल्यावानी येऊन राहिला!"

मग काय सांगू! सगळ्या आया उठल्या. योगाच्या वर्गाला जाणारी अख्खी कॉलनी सफरचंदाचं व्हिनेगर पिते, हे मला त्या दिवशी कळलं! चमचे आले. कुणी चाटतंय, कुणी गुडघेदुखीवर चालेल का विचारतंय, कुणी म्हणतंय चेहऱ्याला लावून बघते, कुणी अश्लेषाचा दंड धरून, "मले दोन बाटल्या पाठव बाप्पा, कधी देतं?" पोरी बिचाऱ्या खाऊ मागत रडताहेत, त्यांच्याकडे बघायला कुणी नाही! माझ्या आस्वाद मंडळाला दोन सभासद मिळवताना घाम फुटला होता, आणि इथे कुणी न सांगता बायका रंग बघताहेत, ग्लास फिरवताहेत, वास घेताहेत, घोट जिभेवर खेळवताहेत! आणि कशाचा? व्हिनेगरचा!

किसनराव हा सगळा गोंधळ बघत उभे. मग आईजवळ गेले. "बाई, पुन्हा सांगा बरं. उन्हात ठेवलं होतं?"

"हो."

"बूच उघडं?"

"फडकं बांधून."

"म्हंजे याले थंड लागत नाही?"

"नाही बाबा," अश्लेषाच बोलली, आणि तिच्या आवाजात काहीतरी बदललं होतं, कॉलेजात प्रयोग जमला की यायचा तो आवाज, "याला ऊबच लागते. हवा लागते. जितकी ऊब तितकं लवकर."

किसनरावांनी विडा या गालातून त्या गालात नेला. आणि म्हणाले, "लेका, ऊन तं आपल्यापाशी लय हाये!"

झालं! संपलं! शेड मिळालं! बंगलोरला नाही कळवलं! अश्लेषा परतवाड्याला आली, आणि मला आनंद आहे, खोटं कशाला बोलू, रोज आनंद आहे. पण मी तिला विचारलं, अगं, आणि वाइन? ती म्हणाली, "करू रे, नंतर." नंतर म्हणजे कधी, तर आधी रुख्मिणीकाकूंच्या योगाच्या वर्गाच्या बाटल्या, मग अमरावतीच्या, मग प्रदर्शनातला स्टॉल. आई दर शनिवारी एसटीनं परतवाड्याला जाते, शेडच्या पत्र्यावर चढून पिंपांना फडकी बांधते आणि पोरांना ओरडते, "हलवा रे, तळाशी बसतं!" बाबांनी परवान्याचे कागद केले. शेखर आणि विपुल माल पोचवतात आणि दोघांचं वजन उतरलंय. मी लेबलं चिकटवतो.

मी हट्ट केला फक्त एका गोष्टीचा. मेमध्ये लग्न आहे आमचं, म्हटलं, काका, निदान लग्नात तरी पाहुण्यांना एक-एक घोट चांगली वाइन, चांगल्या रीतीनं, शिष्टाचारानं. किसनराव म्हणाले, "मांडवात दारू? भैताड झाला काय बे?" पण जावयाचं मन मोडू नये म्हणून स्वागताला पेय ठेवलंय, घरचंच, संत्र्याचं. दोन चमचे, कोमट पाण्यातून. आणि अश्लेषा कुठल्याही बाबतीत शास्त्र सोडत नाही, त्यामुळे काल पत्रिका छापून आल्या, त्यात 'आपली उपस्थिती प्रार्थनीय' याच्या खाली, ठळक अक्षरांत, आणखी एक ओळ आहे...

'कृपया उपाशीपोटी यावे.'